'लाउडली' सोडून शब्दच सुचत नाही, वरच्या मजल्याच्या आवाजाबद्दल इंग्रजीत पत्र लिहायचंय

खिडकीतली_मैना

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आमच्या सोसायटीत निम्म्याहून जास्त लोक अमराठी आहेत त्यामुळे कमिटीला काही कळवायचं तर इंग्रजीतच लिहावं लागतं. आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये चार महिन्यांपूर्वी नवीन भाडेकरू आलेत आणि तेव्हापासून झोपेचं पार खोबरं झालंय. सासूबाईंना बीपी आहे, दहाला गोळी घेऊन झोपतात आणि साडेअकराला वरून धाडकन काहीतरी आदळलं की दचकून उठून बसतात, मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. दोनदा वर जाऊन नीट बोलून आले, "हो हो आंटी" म्हणतात आणि परत तेच. शेवटी सेक्रेटरी म्हणाले लेखी द्या, मीटिंगमध्ये घेतो.

तर काल रात्री लिहायला बसले. मराठीत विचारलंत तर मी घडाघडा सांगेन, खुर्च्या खर्रकन ओढतात, दार धाडकन लावतात, पोरं धाडधाड धावतात, मिक्सर पहाटे साडेपाचला घरघरायला लागतो, गाणी कानठळ्या बसतील अशी लावतात. पण इंग्रजीत लिहिलं तर हे असं झालं,

"दे पुल द चेअर्स लाउडली. दे क्लोज द डोअर लाउडली. द चिल्ड्रन रन लाउडली. दे टॉक इन बिग व्हॉइस आफ्टर इलेव्हन. दे प्ले म्युझिक डिस्टर्बिंगली. आय वेंट अप अँड नॉक्ड हार्डली बट नोबडी ओपन्ड."

मुलीने वाचलं (ती नववीत आहे, इंग्लिश मीडियम) आणि म्हणाली आई, सगळीकडे लाउडलीच आहे आणि शेवटच्या वाक्याचा अर्थ तर उलटाच होतोय. कसा उलटा ते तिला सांगता येईना, "तसं म्हणत नाहीत" एवढंच. मी पूर्ण मराठी माध्यमातली, इंग्रजी वाचलेलं समजतं पण लिहिताना असं अडतं. लाउडलीच्या जागी दुसरं काय काय घालता येईल? डिक्शनरीत कर्कश बघितलं तर हार्श, श्रिल, ग्रेटिंग अशी रांग निघाली, कुठलं कुठे ते कळेना. पत्र रविवारी द्यायचंय.

---

बोरू_आणि_दौत

ताई, तालुक्याच्या शाळेत २० वर्षांच्या वर इंग्रजी शिकवलं आणि ही 'लाउडली'ची अडचण मी प्रत्येक बॅचच्या निबंधात पाहिली आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही विचारताय लाउडलीच्या जागी दुसरं कुठलं क्रियाविशेषण. माझं म्हणणं असं आहे की बहुतेक ठिकाणी क्रियाविशेषणच नको. तुमचंच मराठी वाक्य बघा, दार धाडकन लावतात. 'लावतात' हे क्रियापद अगदी साधं आहे, दार हळूच लावलं तरी लावलंच. सगळा आवाज त्या 'धाडकन'मध्ये आहे. मराठीत ही सोय फार मोठी आहे, खाडकन, फाडकन, टपकन, खळकन, सपकन, कडकन, नुसतं 'कन' लावलं की आवाज ऐकू येतो, आणि शब्द दुहेरी केला की तोच आवाज सतत येत राहतो. टपकन म्हणजे एक थेंब, टपटप म्हणजे रात्रभर गळणारा नळ. क्रियापद पडणे, लावणे, ओढणे असं साधंच राहिलं तरी चालतं.

इंग्रजीत हा आवाज बहुतेक वेळा क्रियापदाच्या पोटात असतो. दार धाडकन लावणं म्हणजे 'स्लॅम'. यात लावणंही आलं, जोरही आला, आवाजही आला. खुर्ची खर्रकन ओढणं म्हणजे 'स्क्रेप', भांडी खणखण आदळणं म्हणजे 'क्लॅटर', पाय दणदण आपटत चालणं म्हणजे 'स्टॉम्प', चहा भुरके मारत पिणं म्हणजे 'स्लर्प', ब्रेक किंचाळल्यासारखा लागला तर 'स्क्रीच', काहीतरी जड धप्पकन पडलं तर 'थड'. आपण मराठी वाक्य शब्दाला शब्द ठेवून नेतो, 'लावतात'ला 'क्लोज' आणि 'धाडकन'ला जागा हवी म्हणून 'लाउडली', आणि मग खुर्ची, दार, पोरं, भांडी सगळ्यांचा आवाज एकच होऊन जातो. धाडकन आणि खर्रकन आणि खळकन यांतला फरक तिथे मरतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण मुलांच्या कानाला तो फरक पक्का माहीत असतो, कागदावर तेवढा उतरत नाही.

तेव्हा पहिली दोन वाक्यं अशी करा, "दे स्क्रेप चेअर्स अक्रॉस द फ्लोअर" आणि "दे स्लॅम द डोअर". पुढे लाउडली लावूच नका. स्लॅम लाउडली म्हणजे मराठीत 'आवाज करत धाडकन आपटलं' म्हटल्यासारखं होतं. क्रियाविशेषण घालायचंच असेल तर किती वेळा ते सांगणारं घाला, 'रिपीटेडली', 'कॉन्स्टंटली'.

आता 'हार्डली'. तुमची लेक बरोबर आहे. आपला 'जोरात' हा शब्द फार कामं करतो. जोरात बोल, जोरात मार, जोरात चालव, जोरात ठोठाव. इंग्रजीत क्रियापदाप्रमाणे शब्द बदलतो, बोलणं लाउड किंवा लाउडली, मारणं हार्ड, गाडी फास्ट, दार ठोठावणं हार्ड किंवा लाउडली, दोन्ही चालतं. 'हार्ड' हे स्वतःच क्रियाविशेषण आहे, त्याला 'ली' लावलं की अर्थ होतो जेमतेम, क्वचितच. "आय हार्डली नॉक्ड" म्हणजे मी दार धड ठोठावलंच नाही. म्हणजे कमिटीपुढे तुम्हीच तुमची बाजू कमकुवत कराल! "आय नॉक्ड लाउडली" लिहा. सगळ्या पत्रात लाउडली खऱ्या अर्थाने शोभेल अशी हीच एक जागा आहे.

---

अर्धा_कप_कटिंग

मास्तर मस्त सांगितलंत, धाडकन-स्लॅम हे आयुष्यात पहिल्यांदा असं कळलं. पण मला एक नेहमी कन्फ्यूजन आहे, नॉइझिली आणि लाउडली एकच का? आणि अलाउड?? ऑफिसात मॅनेजर म्हणाला रीड इट अलाउड तर मी अख्ख्या फ्लोअरला ऐकू जाईल असं वाचलं, तो बिचारा दोन हातांवर बसला होता.

---

पारिजात_अनुवाद

भाषांतराचं काम करते म्हणून या तिन्हीशी रोजची गाठ आहे, मी सांगते.

अलाउडमध्ये मोठेपणा नाहीच. मनातल्या मनात न वाचता तोंडाने वाच, एवढंच. हळू आवाजात वाचलं तरी ते अलाउड. आपणही "मोठ्याने वाच" म्हणतो ना, आजी पोथी मोठ्याने वाचायची म्हणजे ओरडून नाही वाचायची, आपल्याला ऐकू येईल अशी वाचायची. अगदी तेच. 'आउट लाउड' पण तेच.

लाउडली म्हणजे आवाजाचं माप. आवाज जास्त आहे, चांगला का वाईट त्याबद्दल काही म्हणणं नाही. गायक खुल्या गळ्याने गातो ते लाउडली असू शकतं आणि लोक पैसे देऊन ऐकायला येतात. नॉइझिली म्हणजे आवाजात गडबड आहे, पसारा आहे, नको असलेला आवाज आहे. ईट नॉइझिली म्हणजे मचमच करत खाणं. नाक शिंकरणं, धाप लागून श्वास घेणं, पोरांचं खेळणं, जुन्या पंख्याचं फिरणं, इथे नॉइझिली बसतं. गायकाबद्दल नॉइझिली म्हटलं तर त्याचा अपमान होईल. घोरण्याला मात्र लाउडलीच जास्त म्हणतात, यामागे नियम शोधू नका, कानाला सवय लागते.

आपल्याकडे 'आवाज' हा एकच शब्द सगळं सांभाळतो, गळ्यातला आवाज, घंटेचा आवाज, ट्रॅफिकचा आवाज. तिकडे व्हॉइस, साउंड, नॉइझ तीन खोल्या वेगळ्या. म्हणून "इन बिग व्हॉइस" होतं, मोठ्या आवाजातचं सरळ भाषांतर. तिथे "दे टॉक लाउडली" किंवा "इन लाउड व्हॉइसेस" म्हणायचं. आणि टीव्हीचा आवाज कमी कर म्हणजे 'टर्न इट डाउन'.

आणि मैनाताई, डिस्टर्बिंगली काढून टाका हं. आपल्याला डिस्टर्ब होतं म्हणून आपण तो शब्द घालतो पण डिस्टर्बिंगली म्हणजे मन अस्वस्थ होईल, भीती वाटेल अशा रीतीने. गाणी डिस्टर्बिंगली वाजवतात म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल वर काही अघोरी प्रकार चाललाय. असाच दुसरा खड्डा म्हणजे इरिटेटेडली. इरिटेटिंगली म्हणजे दुसऱ्याला चीड येईल असं, इरिटेटेडली म्हणजे करणारा स्वतःच चिडलेला आहे असं. "ही प्लेज म्युझिक इरिटेटेडली" म्हणजे तो बिचारा वैतागून गाणी लावतोय! तुमच्या गाण्यांसाठी "दे प्ले म्युझिक सो लाउड दॅट वुई कॅन हिअर एव्हरी वर्ड" लिहिता येईल, हो, 'लाउडली' न म्हणता नुसतं 'लाउड', बोलण्या-वाजवण्याच्या क्रियापदांबरोबर हे इंग्रजीत सर्रास चालतं.

---

सह्याद्री_भटका

नॉइझिली पेक्षा भारी शब्द नेटवर सापडला, 'नॉइसम'. त्याचं नॉइसमली करून टाका, कमिटीवर इम्प्रेशन पडेल 👍

---

पारिजात_अनुवाद

भटके दादा, नको नको! नॉइसमचा नॉइझशी काही संबंध नाही. तो 'अनॉय'च्या घरातला, त्याचं आखूड रूप 'नॉय' आणि पुढे 'सम' जोडलेलं. अर्थ घाणेरडा, उबग आणणारा, बहुतेक वेळा दुर्गंधीबद्दल. ताईंनी लिहिलं तर कमिटी वर जाऊन ड्रेनेज तपासेल.

पण नॉइझ या शब्दाची गोष्ट त्याहून छान आहे. फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि मूळ लॅटिन 'नॉशिआ' असं बहुतेक कोशांत दिलेलं असतं. नॉशिआ म्हणजे मळमळ, मूळ अर्थ बोट लागणं, आणि तो ग्रीक 'नाउस' म्हणजे जहाज यावरून. आणि ग्रीक नाउस ही आपल्या 'नौ', नौका शब्दाची सख्खी बहीण. म्हणजे बोटीतली मळमळ फिरत फिरत गोंगाटापर्यंत पोचली. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर डोक्यातून जात नव्हतं, कारण नको असलेला आवाज सतत कानावर पडला की खरंच पोटात ढवळतं.

---

थेम्सकाठची_काकू

मी लंडनजवळ राहते, १७ वर्षं झाली. इथल्या शेजाऱ्यांना अशी पत्रं लिहून झालीत, म्हणून त्या कर्कशच्या रांगेबद्दल बोलते, कारण तिथे नुसता अर्थ बघून भागत नाही.

श्रिली म्हणजे बारीक, उंच, कानात घुसणारा आवाज. शिट्टी, अलार्म, कुकर यांना लावा, काही बिघडत नाही. पण बाईच्या बोलण्याला लावू नका. 'श्रिल' हा शब्द बायकांना गप्प करायला इतका वापरला गेलाय की आता तो वाचला की लोकांना आवाज ऐकू येत नाही, लिहिणाऱ्याचा आकस दिसतो. वरच्या मजल्यावरची बाई मुलांवर ओरडत असेल तर "शी शाउट्स" एवढंच लिही गं.

ग्रेटिंगली सोपा आहे लक्षात ठेवायला. ग्रेट म्हणजे किसणे, ग्रेटर म्हणजे किसणी. किसणीवर नारळाची करवंटी घासली तर कानाला जे होतं ते ग्रेटिंग. खरखरीत, घासल्यासारखा आवाज. तुझ्या खुर्चीला हा बसतो पण मास्तर म्हणाले ते स्क्रेप जास्त चांगलं. हार्शली मात्र फसवा आहे, "ही स्पोक हार्शली" म्हणजे तो कठोर बोलला, टाकून बोलला, त्यात आवाज हळूही असू शकतो. माझी एक बॉस कधी आवाज चढवायची नाही पण अगदी हार्शली बोलायची. स्ट्रायडंटली हाही मूळचा करकरण्याचा शब्द, पण हल्ली जास्त करून मतांबद्दल येतो, तावातावाने मत मांडणं.

रॉकसली मूळ लॅटिनमध्ये घोगरा, बसलेला आवाज, आता पार्टीतला धिंगाणा, खिदळणं. वरती रात्री पाहुणे येऊन हसत बसतात असं असेल तर 'लाफ रॉकसली' चालेल पण त्यात किंचित नाराजी आहेच. मुलांच्या दंग्याला 'बॉइस्टरसली' म्हटलं तर त्यात माया असते, पोरं आनंदात आहेत हे मान्य केल्यासारखं. आणि 'थंडरसली' तर कौतुकच, टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणताना. तुझ्या पोरांच्या वाक्यात मी 'स्टॉम्प' लिहिणार नाही आणि "द चिल्ड्रन रन अराउंड हेव्हिली" पण नाही लिहिणार, "द चिल्ड्रन रन अँड जंप ओव्हर अवर बेडरूम" लिहीन. मुलांवर राग काढलाय असं दिसलं की लोक लगेच त्यांची बाजू घेतात.

---

डेसिबल_मोजणारा

भाषेचं वर सगळं आलंच, मी एन्व्हायर्नमेंट इंजिनियर आहे तर दुसऱ्या अंगाने सांगतो. ताई, पत्रात 'अनबेअरेबली लाउड', 'डेफनिंगली लाउड' वगैरे लिहायचा मोह होतो, कानठळ्या शब्दाला तोच जवळचा आहे हे खरं, पण कमिटीतल्या माणसाने तो आवाज ऐकलेला नाही, त्याला ते अतिशयोक्ती वाटणार. त्याऐवजी किती वाजता आणि किती वेळ ते लिहा. पंधरा दिवसांची छोटी नोंद ठेवा, तारीख, वेळ, कसला आवाज.

आपल्याकडे ध्वनिप्रदूषण नियम २००० आहेत त्यात निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. त्यामुळे तुमचा साडेपाचचा मिक्सर पण रात्रीतच मोडतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आता खुर्ची ओढण्यासाठी कोणी पोलिसांत जाणार नाही, जाऊही नये, पण "बिटवीन टेन पीएम अँड सिक्स एएम" हे शब्द पत्रात असले की मागणी अवास्तव वाटत नाही. आणखी एक, मोबाइलच्या ॲपवर आकडा आला म्हणून तो पत्रात पुरावा म्हणून टाकू नका, कॅलिब्रेट केलेलं मीटर नसेल तर तो आकडा टिकत नाही. आणि १० डेसिबल वाढ म्हणजे थोडी वाढ नाही, ध्वनीची तीव्रता दहापट होते, कानाला साधारण दुप्पट मोठा वाटतो.

बाकी खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे गोल तुकडे चिकटवता येतात, दुकानात सहज मिळतात. पत्राबरोबर तुम्हीच एक पाकीट नेऊन द्या. आमच्याकडे भांडण त्याने मिटलं होतं.

---

खिडकीतली_मैना

सगळ्यांचे किती आभार मानू, मी दोन ओळींच्या उत्तराची अपेक्षा केली होती. काकू, तुमचं श्रिलचं वाचून बरं झालं, मी तो शब्द खरंच टाकणार होते वरच्या वहिनींबद्दल, आणि त्या तशा वाईट नाहीत, दोन लहान पोरं एकटीने सांभाळतात, नवरा शिफ्टला जातो. मास्तर, धाडकन आणि स्लॅमचं मी मुलीला वाचून दाखवलं तर ती आणि मी रात्री तासभर एकमेकींना शब्द विचारत बसलो. तिला खळकन माहीत नव्हतं! काच खळकन फुटते म्हटलं तर ती म्हणाली 'शॅटर', मग त्यात आवाज आहे का नाही यावर आमचा वाद झाला. तिला वाटतं तुकडे जास्त आहेत आणि आवाज कमी.

हे आता असं केलंय, बघा बरं,

"डिअर सर, वुई लिव्ह डायरेक्टली बिलो द फ्लॅट ऑन द फोर्थ फ्लोअर. ऑन मोस्ट नाइट्स, बिटवीन टेन थर्टी अँड मिडनाइट, चेअर्स आर स्क्रेप्ड अक्रॉस द फ्लोअर, डोअर्स आर स्लॅम्ड रिपीटेडली अँड द चिल्ड्रन रन अँड जंप ओव्हर अवर बेडरूम. म्युझिक इज प्लेड सो लाउड दॅट वुई कॅन हिअर एव्हरी वर्ड. द मिक्सर स्टार्ट्स नॉइझिली ॲट फाइव्ह थर्टी. माय मदर-इन-लॉ इज अ हार्ट पेशंट..."

आणि शेवटी, "ऑन द ट्वेल्फ्थ आय नॉक्ड लाउडली बट नोबडी ओपन्ड द डोअर."

---

बोरू_आणि_दौत

ताई, उत्तम. दोनच गोष्टी. 'स्टार्ट्स नॉइझिली' म्हणजे सुरू होताना आवाज करतो, नंतर शांत होतो असा भास होतो. मिक्सरचा आवाज कुणाला सांगायची गरज नाही, नॉइझिली काढा आणि "द मिक्सर इज ऑलरेडी रनिंग ॲट फाइव्ह थर्टी इन द मॉर्निंग" करा. दुसरं, वर तुम्ही बीपी म्हणाला होतात आणि इथे हार्ट पेशंट झालं. जे आहे तेच लिहा, "हॅज हाय ब्लड प्रेशर".

आणि शॅटरबद्दल लेकीचं बरोबर आहे. खळकनमधला तो आवाज इंग्रजीत आणायचा असेल तर 'टिंकल' जवळ आहे पण तो फार नाजूक, 'क्रॅश' फार दांडगा. "विथ अ क्रॅश" असं म्हणून वेळ मारून नेता येते, 'विथ अ बँग', 'विथ अ थड' तसंच, क्रियापदात आवाज मावला नाही की इंग्रजी ही वाट घेतं. पण काच फुटून तुकडे फरशीवर सांडतात तो दोन टप्प्यांचा आवाज खळकनमध्ये जसा एका दमात येतो तसा शब्द मला इतक्या वर्षांत सापडला नाही. तिला सापडला तर इथे नक्की लिहायला सांगा, मी वाट बघतो.

---

खिडकीतली_मैना

बीपीचं दुरुस्त केलं, मिक्सरचंही. फेल्टचं पाकीट आज आणलंय, संध्याकाळी पत्र द्यायच्या आधी वर जाऊन वहिनींच्या हातात देते. खळकनचं तिच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.